कासाबाई जौजे सटवाजी

सलग तिसऱ्या दिवशी मुकादमानं कासाबाईला माघारी लावलं.

पूर्णेहून चुडाव्याकडं जाणारी गाडीवाट पक्की करायचं सरकारनं मनावर घेतलं होतं. होळी झाल्यावर कामाला तोंड लागलं. काम सरकारी, पैसा सरकारी, पण माणसं लावायची ती भुजंग मुकादमानं, आणि त्याचा कायदा एकच होता: जोडी पाहिजे. बाप्या दगड फोडणार, बाई टोपलं वाहणार. एकटं माणूस घ्यायचं नाही.

"एकल्या बाप्याला काम दिलं की दोन दिसांत पळून जातोय," तो म्हणायचा. "बायको संगं असली की माणूस जाग्यावर ऱ्हातंय. बैलाला दावं तशी."

कासाबाईचा नवरा धोंडीबा गेल्या पावसाळ्यात वारला होता. तीन दिवस ताप आला आणि चौथ्या दिवशी माणूस नाही. घरची साठ-सत्तर मेंढरं होती. "बाईमाणसाला रानोमाळ कळप कसा जमंल?" म्हणून दीर उमाजीनं ती सगळी आपल्या मेंढवाड्यात नेली. मागं राहिली ती अडीच एकर बरड जमीन, आठ वर्षांची लेक केवळा आणि सासू धुरपताबाई. जमिनीची विरासत, म्हणजे मेलेल्याच्या जागी वारसाचं नाव लावायचं काम, अजून व्हायचं होतं. पटवारी म्हणायचा, होईल, घाई काय. तोवर घरात दाणे लागत होते. सडकेवर बाईला रोजचे दहा आणे मिळायचे, बाप्याला रुपया. शेतावरच्या मजुरीत एवढे पैसे कुणी पाहिले नव्हते.

मुकादम माणसं लावायचा त्या लिंबाखाली त्या तिसऱ्या दिवशी आणखी एक माणूस माघारी लावला गेला. उंच, काटक, खांद्यावर घोंगडी. सटवाजी त्याचं नाव. गंगाखेडकडचा, कासाबाईसारखाच धनगर. दोन वर्षांमागं पटकीत त्याची बायको गेली होती. घरी म्हातारी आई होती, तिला महिन्याला पैसे धाडावे लागत.

भुजंगानं एकदा त्याच्याकडं पाहिलं, एकदा कासाबाईकडं.

"हा एकला, ती एकली. हुबे ऱ्हावा दोघं. लिहा हो किशनराव."

किशनराव म्हणजे हजेरीचा कारकून. निजामाच्या अमलात सगळी उमर उर्दूत लिहिण्यात गेलेली, त्यामुळं मराठी अक्षर तो मुलासारखं ठळक आणि सावकाश काढायचा. त्यानं लिहिता लिहिता मोठ्यानं म्हटलं, "सटवाजी वल्द रामजी. कासाबाई जौजे सटवाजी."

कासाबाईला वाटलं, जोडीला कचेरीत जौजे म्हणत असतील. तिनं शाईत अंगठा बुडवला आणि दाखवलेल्या जागी उठवला. सटवाजीच्या कपाळाला आठी पडली. त्याला तो शब्द कळला होता. पण मागं चाळीस माणसं उभी होती, आणि तोही तीन दिवस उपाशी होता. त्यानंही मुकाट अंगठा उठवला.

दुसऱ्या दिवसापासून दोघं कामाला लागले. सटवाजी उकिडवा बसून घणानं धोंडा फोडायचा, मग हातोडीनं त्याची खडी करायचा. कासाबाई टोपलं भरून ती सडकेच्या कडेला फऱ्यात ओतायची. फरा म्हणजे मापाची लाकडी पेटी. ती गच्च भरली की किशनराव रेघ ओढायचा. दिवसाला ठरलेल्या रेघा झाल्या तरच हजेरी पुरी.

पहिल्याच दिवशी तिनं हाक मारली, "दादा, घण जरा थांबवा, टोपलं भरू द्या."

भुजंग तिथंच होता. तो खेकसला, "नवऱ्याला दादा म्हणतीस व्हय ग? उद्या साहेब आला अन् त्यानं ऐकलं तर माझी नौकरी जाईल. तोंड सांभाळ."

त्यानंतर कासाबाईची मोठी पंचाईत झाली. दादा म्हणायची बंदी. 'आवो' म्हणावं, तर ती नवऱ्याची हाक, जीभ वळेना. नाव घेणं तर दूरच. शेवटी तिनं त्याला हाकच मारायची सोडली. काही सांगायचं असलं की ती टोपल्याच्या काठावर खडा वाजवायची. तो मान वर करायचा. भाकरीच्या वेळी तो तिच्याकडं पाठ करून बसायचा, मधे खडीचा ढीग.

बटवडा शनिवारी व्हायचा. जोडीचा पगार बाप्याच्या हातात पडायचा, बाईनं नुसता अंगठा उठवायचा. भुजंग आपली दस्तुरी, जोडीमागं रोजचे दोन आणे, तिथंच कापून घ्यायचा. सटवाजी पैसे घेऊन सरळ कासाबाईपाशी यायचा आणि तिच्या टोपल्यात तिचा वाटा ठेवायचा. दस्तुरी त्यानं नेहमी आपल्याच वाट्यातून धरली.

माणूस वंगाळ नव्हता. वंगाळ होतं ते दावं. एकाचा खाडा झाला की दोघांची हजेरी जायची. सटवाजीच्या अंगठ्यावर घण पडला तेव्हा चार दिवस दोघांनाही काम नव्हतं. आणि चैत्रात केवळाला गोवर निघाला तेव्हा कासाबाई तिला सासूच्या मांडीवर टाकून सडकेवर आली, कारण तिनं घरी राहावं तर गंगाखेडच्या म्हातारीचा आठवडा बुडणार. त्या दिवशी टोपलं उचलता उचलता ती मटकन खाली बसली. सटवाजीनं उठून तिच्या खेपाही स्वतः टाकल्या. भोवतीच्या बायांनी एकमेकींना कोपरानं ढोसलं.

मनकर्णा नावाची तिची शेजारीण तेवढी समोर म्हणाली, "कासे, जप माय. लोकाला कागुद बी नको असतोय, त्यायला नुसतं बोट दाखवायला जागा लागती. तू तर कागुद बी करून दिलास."

"कशाचा कागुद?"

"जौजे म्हंजी काय, ठाव न्हाई तुला?"

"जोडी."

मनकर्णानं कपाळावर हात मारला. "अगं, जौजे म्हंजी बायको! माझा नवरा निजामाच्या कचेरीत शिपाई व्हता, म्हून मला ठाव. अमकी जौजे तमका, म्हंजी अमकी तमक्याची बायको."

कासाबाईच्या हातातलं टोपलं हातातच राहिलं. मग तिनं ते डोक्यावर घेतलं. दुसरं काय करणार होती? फरा अर्धा रिकामा होता आणि मुकादम पाहत होता.

वैशाखात उमाजी मेंढरं घेऊन त्या बाजूनं उतरला. बटवड्याचा दिवस होता. सडकेच्या पल्याड काठीवर हनुवटी टेकून तो बघत उभा राहिला. किशनरावानं पुकारा केला, "सटवाजी वल्द रामजी! त्याची बाई, कासाबाई!" ती पुढं झाली, अंगठा उठवला. सटवाजीनं पैसे घेतले आणि तिच्या टोपल्यात ठेवले. उमाजीनं मेंढरांना हाळी दिली आणि तो निघून गेला. वहिनीला त्यानं रामराम सुद्धा घातला नाही.

पंधरा दिवसांनी गावचा कोतवाल घरी आला. धोंडीबाच्या जमिनीच्या विरासतीसाठी येत्या गुरुवारी पटवाऱ्याच्या वरचे गिरदावरसाहेब चावडीत बसणार होते. उमाजीनं हरकत घेतली होती. भावजयीनं पाट लावला, दुसऱ्याच्या घरात गेली, आता तिचा या जमिनीवर हक्क नाही, पोरगीही आमची आहे, असा त्याचा अर्ज. सोबत हजेरीपटाची नक्कल. तुपाचा एक डबा किशनरावाच्या घरी पोचला होता, हे पुढं सगळ्या सडकेला कळलं.

पाट लावण्यात त्यांच्यात कमीपणा नव्हता. तरण्या विधवेनं दुसरं घर करणं ही जुनी रीत होती. पण त्या रीतीला दुसरी बाजूही होती: बाईनं जायचं ते नेसत्या लुगड्यानिशी. पहिल्या घरची जमीन नाही, भांडं नाही, लेकरूही नाही.

कासाबाई आधी भुजंगाकडं गेली.

"मुकादम, तेवढं नाव दुरुस्त करा. मी त्यांची बायको न्हाई. तुमाला तर ठाव हाय."

"मला काय ठाव हाय?" भुजंग म्हणाला. "तू अंगठा दिलास, म्या काम दिलं. पट वर गेला, साहेबाची सही झाली. आता खोटं हाय म्हणलीस, तर सरकाराला फसवून तीन महिने पगार खाल्ला असं व्हतंय. तू आत जाशील, अन् तो सटवाजी बी. त्याची म्हातारी कोन पोसणार, तू?"

"तुमीच म्हणलात, हुबे ऱ्हावा म्हून."

"म्या म्हणलं! कागदावर माझा अंगठा हाय का कुठं?"

ती किशनरावाकडं गेली. त्यानं डोळे वर न करता सांगितलं, "बाई, शाई वाळली की मी कोण अन् तू कोण."

दिवस मावळायला माणसं पांगली तेव्हा ती खडीच्या ढिगापाशी थांबली. टोपलं वाजवलं नाही. सरळ बोलली.

"गुरुवारी चावडी हाय. मी खरं सांगितलं तर तुमचं काम जातंय. न्हाई सांगितलं तर माझी पोरगी जाती. मी काय करू, तुमीच सांगा."

सटवाजीनं हातोडी खाली ठेवली. पहिल्यांदाच तो तिच्याकडं तोंड करून बोलला.

"तवाच बोलायला पायजे व्हतं म्या. शब्द कळला व्हता मला. पोटानं तोंड धरलं." त्यानं हातावरची धूळ झटकली. "एक हाय. बोलू का नको, कळंना. कागुद खोटा हाय म्हून एवढा घोर हाय. तो खराच केला तर? पाट लावू. माझी माय चांगली हाय. तुमाला काम करावं लागंल, पर कुनी बोट न्हाई दाखवणार."

कासाबाईला राग आला नाही. त्याचंच तिला भय वाटलं. तीन महिन्यांत या माणसानं तिच्या वाट्यातला एक आणा इकडचा तिकडं केला नव्हता. एखाद्या दिवशी ढिगापलीकडनं घणाचा आवाज येईना झाला की तिचं लक्ष लागत नसे, हेही तिला माहीत होतं. पण केवळाच्या अंगावर अजून गोवराचे काळे डाग होते. आई गेली की ती उमाजीच्या वाड्यात मेंढरामागं जाणार आणि दोन-तीन वर्षांत कुणाच्या तरी घरी दिली जाणार.

"पोरीला येऊ देतील का संगं?" तरी तिनं विचारलं.

"न्हाई देणार," तो म्हणाला. त्याला खोटं बोलता आलं असतं.

"मंग कसं व्हईल?"

"व्हय," एवढं बोलून त्यानं घोंगडी खांद्यावर टाकली आणि तो चालू लागला.

गुरुवारी चावडीत गाव जमलं. गिरदावर थकलेला, पन्नाशीचा माणूस होता. कपाळावरचा घाम पुसत त्यानं नक्कल वाचली. 'कासाबाई जौजे सटवाजी' हे शब्द त्यानं दोनदा वाचले.

उमाजी हात जोडून म्हणाला, "साहेब, मला वैनीचा दुस्वास न्हाई. तिनं घर केलं, बरं केलं. पर मला तीन पोरं हाईत. भावाची जिमीन दुसऱ्याच्या घरात कशी जाऊ देऊ? मी खोटं बोलत न्हाई, कागुद बोलायलाय."

"धुरपताबाई," गिरदावरानं म्हातारीला विचारलं, "सून पाट लावून गेली का?"

धुरपताबाईनं आधी लेकाकडं पाहिलं, मग सुनेकडं. पदर तोंडाला लावून ती म्हणाली, "रातच्याला घरीच असती." पोटच्या पोराच्या विरुद्ध तिच्या तोंडून एवढंच निघालं. उमाजी तिच्याकडं बघतच राहिला.

"बाई, तुझं काय म्हणणं?"

कासाबाई उभी राहिली. तिनं खांब धरला.

"साहेब, अंगठा माझाच हाय. कागुद खोटा हाय. सडकेवर जोडीबिगर काम देत न्हाईत. मी एकली, ते एकले. मुकादमानं दोघांना हुबं केलं अन् लिवून घेतलं. जौजे म्हंजी जोडी असंल असं वाटलं मला. कळलं तवा सोडलं न्हाई काम, ती माझी चूक. घरात दाणे नव्हते."

गिरदावरानं टाक दौतीवर ठेवला.

"हे बयान मी लिहिलं, तर सडकेवरून तुझं नाव जाईल. वर चौकशी लागली तर आणखी काय होईल, मी सांगू शकत नाही. विचार कर."

"तीन महिने विचारच करायलेय. लिवा."

"पण नुसत्या तुझ्या शब्दावर सरकारी पट खोटा कसा धरू? त्यावर ज्याचं नाव आहे, तो माणूस कुठं आहे?"

तो दारातच होता. सकाळी सडकेवरून चालत आला होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. माणसांनी वाट दिली. सटवाजी गिरदावरासमोर उभा राहिला, घोंगडी काढून हातात घेतली.

"तू सटवाजी? ही बाई तुझी कोण?"

त्यानं कासाबाईकडं पाहिलं नाही.

"कुनी न्हाई," तो म्हणाला. "ही माझी कुनी न्हाई, साहेब. हात लावला असंल तर हात झडंल माझा. कागुद खोटा हाय. मला कळत व्हतं, म्या गप बसलो. काय सजा असंल ती मला द्या."

गिरदावर बराच वेळ लिहीत होता. मग त्यानं वाचून दाखवलं: कासाबाई बेवा धोंडीबा, म्हणजे धोंडीबाची विधवा, वारस; सोबत मुलगी केवळा. दोघांचे अंगठे घेतले. उमाजी उठून गेला.

बाहेर पिंपळाच्या पाराजवळ कासाबाईनं सटवाजीला गाठलं. आता मुकादम नव्हता, हजेरी नव्हती.

"दादा," ती म्हणाली.

त्यानं वळून पाहिलं. तोंडावर हसू आल्यासारखं झालं, पण आलं नाही. "आता म्हणा," तो म्हणाला. "आता कुनी अडवत न्हाई." मग जरा वेळानं, "परवा म्या जे बोललो ते उगीच नव्हतं बरं का."

"ठाव हाय मला."

केवळा आजीचं बोट धरून येताना दिसली आणि तो वाटेला लागला.

शनिवारी बटवड्यात दोघांची नावं पुकारली गेली नाहीत. "खोट्या जोडीचा पगार देत न्हाईत," भुजंगानं सांगितलं. आठवड्याची मजुरी गेली. कुणी तुरुंगात गेलं नाही, कसली चौकशी लागली नाही. मुकादम तोच राहिला, कारकूनही. त्यांच्या जागी सोमवारी दुसरी जोडी आली. मनकर्णानं सांगितलं, सटवाजी रविवारीच चुडाव्याला पॅसेंजरमधे बसला.

जमीन कासाबाईच्या नावावर झाली, पण जमिनीला नावानं नांगर लागत नाही. तिच्याकडं बैल नव्हते. गावात ज्यांच्याकडं होते त्यांतल्या कुणालाही उमाजीशी वाकडं घ्यायचं नव्हतं. मृग जवळ आला तशी ती चार घरं फिरली. प्रत्येकानं पाणी दिलं आणि कारण सांगितलं. शेवटी एका सकाळी उमाजीच बांधावर आला.

"वैनी, मी पेरतो. निम्मं तुमचं, निम्मं माझं. बियाणं बी माझं, तवा ते आदी वजा."

तिला समजत होतं की ज्याच्यापासून जमीन सोडवली त्याच्याच हातात ती परत चालली आहे. पण पडीक ठेवून काय खाणार?

"एक साल," ती म्हणाली. "अन् पटवाऱ्यापुढं, चार माणसांत. मी कशावर बी अंगठा देणार न्हाई. तोंडानं बोलायचं, माणसांनी ऐकायचं."

"बरं," उमाजी म्हणाला. त्यानं खाली वाकून एक ढेकूळ उचललं, हातात चुरलं. "दादानं बांध चांगला घातलाय," असं काहीसं पुटपुटला आणि बैल आणायला गेला.

श्रावणात कासाबाई बन्सीधर पाटलाच्या रानात खुरपणीला जायला लागली. रोजाचे सहा आणे. सडकेवर दहा होते. पण सकाळी कुणी नवऱ्याचं नाव विचारत नव्हतं, आणि केवळाला बरं नसलं की घरी राहता येत होतं. तेवढ्या दिवसाचे पैसे जायचे, ते तिचे एकटीचेच.

पावसानं सडकेचं काम थांबलं होतं, तेव्हा मनकर्णाही खुरपायला आली. शेजारची ओळ धरून ती म्हणाली, "कासे, गंगाखेडच्या बाजारात तो दिसला मला. तुझा... सटवाजी गं. तिकडं बंधाऱ्याचं काम निघालंय, त्यावर हाय."

"तिथं एकल्याला घेतेत?"

"कुठलं! तिथं बी जोडीच. एक बाई हुबी व्हती त्याच्या शेजारी, टोपलं घेऊन."

"खरी, का कागदावरची?"

"आता ते मी कसं इचारू बापा?"

कासाबाईनं खुरपं रोवलं. एक लव्हाळा मुळासकट आला, दुसरा तुटला. तुटलेल्याचं मूळ तिनं बोटांनी उकरून काढलं. शेजारणीची ओळ चार हात पुढं गेली होती, आणि बांधावरून पाटलाचा सालगडी ओरडत होता, "ओ बाई, मागं राहिलात!"